पांढऱ्या सुती शर्टाच्या काखेतले पिवळे डाग अखेर गेले

उन्हाळ्यात माझे हक्काचे कपडे म्हणजे दोन सैल पांढरे शर्ट. जीन्सवर ऑफिसलाही चालतात, मुलीमागे धावतानाही. पण काखेत पिवळे, कडक डाग पडले. तिला कडेवर घेतलं की नेमके तेच दिसायचे.

गरम पाणी, लिंबू, ऊन सगळं झालं. क्लोरीनच्या ब्लीचने तर डाग आणखी पिवळे पडले. अक्षरशः रडकुंडीला आले होते.

हे डाग नुसत्या घामाचे नसतात. घाम रोखणाऱ्या रोल-ऑनमधले ॲल्युमिनियमचे क्षार घामात मिसळून ते बनतात.

शर्ट उलटा करून डाग गार पाण्याने ओला केला. एक चमचा भांड्यांचं लिक्विड, एक चमचा खाण्याचा सोडा आणि दोन चमचे ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड लावायच्या वेळीच कालवलं (साठवू नका, ब्लीचमध्ये तर मुळीच मिसळू नका). जुन्या टूथब्रशने शिवणीपर्यंत हलकं घासलं, तासभर ठेवलं, मग नेहमीसारखं धुतलं. फिकट छटा उरली होती, म्हणून इस्त्री न करता पुन्हा तेच केलं. दुसऱ्या खेपेला शर्ट स्वच्छ!

रंगीत कपड्यावर आधी आतल्या शिवणीत थेंबभर लावून बघा. आता रोल-ऑन पूर्ण वाळल्यावरच शर्ट घालते.