पियानो शिकताना हात बधिर होतो? या चुका टाळा

बोटं दमणं वेगळं आणि बोटं बधिर होणं वेगळं. पियानो शिकणाऱ्या मुलांच्या घरी मात्र दोन्हींना सर्रास एकच उत्तर मिळतं: 'सवय होईल.' दमलेला हात रात्रभराच्या झोपेनंतर मोकळा होतो. मुंग्या, सुया टोचल्याची जाणीव, कापसातून पियानोची पट्टी चाचपतोय असं वाटणं ही बहुतेक वेळा मज्जातंतू कुठेतरी दाबला जात असल्याची खूण असते. मज्जातंतूलाच बोलीत आपण नस म्हणतो. स्नायू रियाजाने तयार होतो, दाबलेली नस रियाजाने तयार होत नाही. म्हणून मूल 'बोट झोपलंय' म्हणालं, तर त्या दिवसाचं वाजवणं तिथेच थांबवायचं. स्केल अर्धवट राहिली तरी चालेल.

कुठलं बोट, ते आधी विचारा

'हात बधिर होतो' एवढं पुरेसं नाही. मुलाला पेन द्या आणि बधिर वाटतो तेवढा भाग त्याच्याच हातावर रंगवायला सांगा. त्यावरून बरंच कळतं.

अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची त्या बाजूची कड रंगली, तर लक्ष मनगटाकडे द्यायचं. या बोटांची नस मनगटातल्या एका अरुंद बोगद्यातून जाते. बोटं वाकवणारे नऊ स्नायूबंधही तिथूनच जातात. मनगट खूप वर किंवा खूप खाली वाकवून तासभर वाजवलं की त्या बोगद्यातला दाब वाढतो. यातूनच पुढे होणारं दुखणं म्हणजे कार्पल टनेल. लहान मुलांत ते क्वचितच दिसतं, मोठेपणी पियानो शिकायला घेतलेल्यांत अधिक. रात्री झोपेतून उठून हात झटकावा लागणं हे त्याचं ओळखीचं लक्षण.

करंगळी आणि अनामिकेची बाहेरची कड रंगली, तर संशय कोपरावर घ्यायचा. कोपर आपटल्यावर झिणझिण्या येतात, तीच ही नस. कोपर जास्त वाकलेलं राहिलं की ती ताणली जाते. पियानोला अगदी चिकटून बसणारं मूल कोपर दुमडूनच वाजवतं. मग रात्री तोच हात दुमडून फोन बघतं आणि अभ्यासाला बसलं की कोपर टेबलाच्या कडेवर टेकवतं. दोष पियानोच्या माथी जातो, पण नसेवरचा दाब दिवसभराचा असतो.

हाताच्या मागच्या बाजूला, अंगठ्याच्या मुळाशी बधिरपणा असेल तर घड्याळाचा पट्टा किंवा घट्ट बांगडी, कडं आधी काढून बघा. मान वळवल्यावर मुंग्या कमी-जास्त होत असतील तर मूळ मानेत असू शकतं. दोन्ही हातांबरोबर पायांची बोटंही बधिर होत असतील, तर वाजवण्यातली चूक शोधण्यात वेळ घालवू नका. बी-12 ची कमतरता, मधुमेह, थायरॉइड या गोष्टी रक्त तपासून कळतात. शाकाहारी घरांत बी-12 कडे विशेष लक्ष हवं.

सूर वाजल्यावरही पट्टी दाबत राहणं

सगळ्यांत जास्त हात बिघडतात ते या चुकीने, आणि ती बाहेरून दिसत नाही. पियानोची पट्टी साधारण 10 मिलिमीटर खाली जाते आणि ती खाली न्यायला 50 ग्रॅमच्या आसपास वजन पुरतं. पट्टी तळाला पोचण्याच्या किंचित आधीच हातोडी यंत्रणेपासून सुटते आणि स्वतःच्या वेगाने तारेवर आदळते. आवाज किती मोठा होणार हे त्या क्षणी ठरून गेलेलं असतं. त्यानंतर कितीही जोर लावला तरी सुरात तसूभर फरक पडत नाही, सगळा भार बोट, मनगट आणि कोपरापर्यंतचा हात सोसतो.

गोव्यात याला आणखी एक पदर आहे. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच मुलांची बोटं आधी पेटीवर बसलेली असतात. घरात भजन, देवळात आरती, म्हणजे पेटी आलीच. पेटीचा आवाज भात्याच्या हवेवर ठरतो आणि पट्टी दाबलेली असेपर्यंत सूर चालतो. तिथे बोट पट्टीवर चिकटून राहणं स्वाभाविक आहे, पट्टीही हलकी असते. तीच चिकाटी पियानोवर आली की बोट तळाशी रुतून बसतं. पियानोतही सूर टिकवायला पट्टी धरावी लागते, पण त्यासाठी बोटाचं नुसतं वजन पुरतं.

तपासायची पद्धत सोपी आहे. मुलाला तीन सुरांचा एक कॉर्ड जोरात वाजवून तसाच धरायला सांगा. मग त्याच्या मनगटाखाली आपलं बोट लावून मनगट हलकेच वर-खाली करा. ते झोपाळ्यासारखं सहज हललं तर ठीक. लाकडासारखं ताठ असेल, तर तोच कॉर्ड वाजवून लगेच जोर सोडण्याचा सराव रोज पाच मिनिटं करायचा. नवी धून त्या आठवड्यापुरती बाजूला ठेवली तरी चालेल.

बोटं उंच उचलण्याचा हट्ट

'प्रत्येक बोट स्वतंत्र झालं पाहिजे' म्हणून अनामिका जबरदस्तीने वर उचलायला लावणारे व्यायाम अजूनही दिले जातात. हाताच्या मागच्या बाजूला मधलं बोट, अनामिका आणि करंगळी यांचे स्नायूबंध एकमेकांना आडव्या पट्ट्यांनी जोडलेले असतात. अनामिका एकटी फार वर जाणारच नाही, तो शरीराचा बांधा आहे. तिला मनगट आणि कोपरापासून पुढच्या हाताने थोडं वळून मदत करायची असते. रॉबर्ट शुमानचा उजवा हात 1830 च्या दशकाच्या सुरुवातीला बिघडला आणि पियानोवादक होण्याचं त्याचं स्वप्न तिथेच संपलं. बोटं तयार करायला तो एक यांत्रिक साधन वापरत असे. नेमकं कारण काय यावर आजही वाद आहे, पण बोटांना असल्या कशाने बांधण्याची शिफारस आज कुणी जाणता शिक्षक करणार नाही.

प्लॅस्टिकची खुर्ची

बहुतेक घरांत पियानोसमोर जेवणाची किंवा प्लॅस्टिकची खुर्ची असते. मोठ्यांना ती बेताची, मुलांना बुटकी. बोटं पट्टीवर ठेवल्यावर कोपर ते मनगट हा भाग जमिनीला समांतर हवा. चटई घडी करून खुर्चीवर घाला. पाय लोंबकळत असतील तर पावलांखाली घरातला पाट ठेवा. पाय टेकले नाहीत की तोल सांभाळायला खांदे वर जातात आणि मान आखडते. कोपर अंगाला चिकटणार नाही इतकी खुर्ची मागे घ्या.

लहान हातांना ऑक्टेव्ह, म्हणजे एका सा पासून वरच्या सा पर्यंतचं अंतर, ताणायला लावू नका. ऑक्टेव्हची रुंदी साधारण साडेसोळा सेंटिमीटर असते. पंजा तेवढा नसेल तर आतला किंवा वरचा एक सूर सोडून द्यावा. शिक्षकांना तसं विचारायला लाजू नये.

पावसाळा आणि परीक्षा

जून ते सप्टेंबर इथली हवा पियानोतलं लाकूड आणि फेल्ट (दाबलेल्या लोकरीचं कापड) दोन्ही फुगवते. पट्ट्या जड होतात, काही अर्ध्यावर अडकतात. मूल न सांगता जास्त जोर लावायला लागतं आणि आपल्याला वाटतं, त्याचा हात कच्चा आहे. पावसात अचानक दुखणं सुरू झालं तर आधी स्वतः वाजवून बघा, पट्टी खाली जाऊन लगेच वर येते का. येत नसेल तर ट्यूनरला बोलवा, तोवर त्या पियानोवर जलद धुना नकोत. पियानो भिंतीला चिकटवून ठेवू नका आणि खोलीत ओले कपडे वाळत घालू नका.

उलटाही प्रकार होतो. घरी 61 हलक्या, वजन नसलेल्या पट्ट्यांचा कीबोर्ड, आणि ग्रेड परीक्षा जवळ आली की क्लासच्या खऱ्या पियानोवर रोज दोन तास. अचानक वाढलेला हा भार हातांना सोसत नाही. चवथीतही हेच. आठवडाभर आरत्यांना पेटी वाजवायची, पियानो बंद, आणि नंतर 'राहिलेलं भरून काढू' म्हणून एका दिवसात सगळं. भरून काढायचं नसतं. सुट्टीनंतर पहिले काही दिवस नेहमीच्या निम्मंच वाजवावं आणि वीस-पंचवीस मिनिटांनी हात खाली सोडून पाच मिनिटं उठावं. वास्कोच्या दामोदर सप्ताहात रात्री भजनाला बसलेल्या मुलाला दुसऱ्या दिवशी क्लासला पाठवूच नका, असं मी पालकांना स्पष्ट सांगते.

घरगुती उपायांतल्या चुका

वेदनाशामक गोळी घेऊन सराव करणं सगळ्यांत घातक, कारण थांबायची सूचना देणारी वेदनाच त्यात गप्प होते. औषधाच्या दुकानातून आणलेला मनगटाचा पट्टा बांधून वाजवू नका. मनगट जखडलं की कोपर आणि खांदा जास्त राबतात. कार्पल टनेलमध्ये मनगट सरळ ठेवणारा पट्टा रात्री झोपताना उपयोगी पडतो, पण तो डॉक्टरांनी सांगितल्यावर. दुखऱ्या हाताने रबरी चेंडू दाबत बसणं म्हणजे थकलेल्या स्नायूंना आणखी काम. कोमट तेल लावून बरं वाटत असेल तर लावावं, फक्त बधिर जागी रगडू नये.

एक दुखणं असं आहे, ज्यात दुखतच नाही. वाजवताना एखादं बोट आपोआप आत दुमडतं, बाकी कामांत हात ठणठणीत. याला फोकल डिस्टोनिया म्हणतात. अमेरिकन पियानोवादक लिऑन फ्लायशर यांच्या उजव्या हाताची अनामिका आणि करंगळी 1960 च्या दशकात अशीच दुमडायला लागली आणि पुढची अनेक वर्षं ते मुख्यतः डाव्या हातासाठीच्या रचना वाजवत राहिले. इथे जास्त सराव केल्याने त्रास वाढतो. अशा मुलाला 'लक्ष दे' म्हणून रागावू नका, मज्जातंतूतज्ज्ञांकडे न्या.

डॉक्टरांकडे कधी

वाजवणं थांबवल्यावरही बधिरपणा जात नसेल, बटण लावताना किंवा पेला धरताना पकड सुटत असेल, अंगठ्याखालचा मांसल भाग सपाट दिसू लागला असेल, तर थांबू नका. बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) हाडांच्या आणि मज्जातंतूंच्या दोन्ही विभागांत दाखवता येतं. एका बाजूचा हात अचानक बधिर झाला आणि बरोबर चेहरा वाकडा झाला किंवा बोलणं अडखळलं, तर 108 ला लगेच फोन करा.

जाताना तीन गोष्टी न्या: हातावर रंगवलेल्या भागाचा फोटो, रोज किती मिनिटं वाजवलं आणि त्रास कितव्या मिनिटाला सुरू झाला याची वही, आणि बाजूने घेतलेला वाजवतानाचा छोटा व्हिडिओ. त्यात खांदा, कोपर आणि मनगट तिन्ही दिसू देत. परत वाजवायला परवानगी मिळाली की सकाळ-संध्याकाळ पाच-पाच मिनिटांनी, संथ आणि हलक्या धुनांनी सुरुवात करा. त्रास न होता तीन-चार दिवस गेले तरच पाचाची सात मिनिटं करा.