पट्टा हातात देण्याआधी: लढाई शिकणाऱ्या मुलीची ऐतिहासिक कादंबरी कशी लिहावी

किशोरवयीन वाचकांसाठी ऐतिहासिक कादंबरी लिहायला घेतली की पहिल्याच पानावर नायिका घोड्यावर आणि हातात तलवार. साताऱ्यात माझ्याकडे लाठी आणि पट्टा (दांडपट्टा) शिकायला येणाऱ्या आणि सुटीत गोष्टी लिहायला बसणाऱ्या मुलीही हेच करतात. ते पान मी बाजूला ठेवायला सांगते. तलवार हातात आली, ती कुणी दिली, कुणी अडवलं, त्याआधी ती पोर काय करत होती, यातच कादंबरी आहे.

सुरुवात साल आणि जागा ठरवण्यापासून करा. ‘शिवकाळातली एक मुलगी’ एवढ्यावर काही उभं राहत नाही. मी मुलींना अजिंक्यताऱ्याचा वेढा देते. डिसेंबर १६९९मध्ये औरंगजेब स्वतः साताऱ्याखाली येऊन बसला. त्याची छावणी करंजे गावाच्या बाजूला होती, शहजादा आझमशहा पश्चिमेला होता. गडावर किल्लेदार प्रयागजी प्रभू. मार्च १७००मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज वारले, एप्रिलमध्ये मोगलांनी तटाखाली सुरुंग उडवले. त्यातल्या एका स्फोटात तट बाहेरच्या बाजूला कोसळून हल्ल्यासाठी दबा धरून बसलेली त्यांचीच माणसं गाडली गेली. तरीही त्याच महिन्यात गड बोलणी करून खाली करावा लागला. साडेचार महिन्यांचा काळ, एक डोंगर, चहूबाजूंनी शत्रू. नवख्या लेखकाला याहून सोयीची चौकट मिळणार नाही.

मग गडावर जा. गाडीरस्ता वरपर्यंत आहे, पण एकदा तरी पायी चढा आणि चढताना डोक्यावर पाण्याची कळशी आहे असं धरून चाला. वर तटावरून यवतेश्वर, सज्जनगड, जरंडेश्वर कुठल्या बाजूला दिसतात ते वहीत काढा. सज्जनगड, म्हणजे तेव्हाची परळी, तिथून वेढलेल्या गडाला रसद पोचवण्याची धडपड चालायची. ते अंतर डोळ्यांनी मोजलंत की रात्रीच्या वाटेचं प्रकरण आपोआप सुचतं. खाली उतरल्यावर साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयातली शस्त्रं बघा. मूठ केवढी आहे, त्यात चौदा वर्षांच्या पोरीचा हात कसा बसेल, ते बघा.

आता सगळ्यात अवघड भाग. मुलगी कोण? त्या काळात आठ-नऊ वर्षांच्या मुलींची लग्नं होत. सोळा वर्षांची बिनलग्नाची नायिका मनमोकळी हिंडते असं लिहिलंत तर पहिल्या प्रकरणातच वाचकाचा विश्वास जातो. शिवाय शिवाजी महाराजांनी लष्करात बायका न्यायला सक्त मनाई केली होती, सभासद बखरीत ते स्पष्ट आहे. या अडचणी लपवू नका, त्यांनाच कथेत ओढा. लग्न झालंय पण अजून सासरी धाडलेली नाही अशी मुलगी घ्या. मोहीमच नको, वेढा घ्या, कारण वेढ्यात घरदार आणि रणांगण एकाच तटाच्या आत येतं. सरदारघराण्यातली मुलगी हवी असेल तर आपल्या जिल्ह्यातच उदाहरण आहे: तळबीडच्या हंबीरराव मोहित्यांची लेक ताराबाई. वडील १६८७मध्ये वाईजवळच्या लढाईत पडले, आणि १७००नंतर सात वर्षं तिनं औरंगजेबाशी झुंज चालवली. पण ताराबाईंना नायिका करू नका. त्यांच्याबद्दल माहीत असलेलं पुष्कळ आहे, तिथं तुमच्या कल्पनेला जागा कमी. मला स्वतःला गडाच्या उतारावरच्या मेटावरची, म्हणजे पहाऱ्याच्या चौकीवरची, पोर आवडते. मेटकऱ्यांची कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या गडाच्या वाटा राखत. त्या पोरीला अंधारात पायवाट कळते, आणि ते तिला कुणी शिकवलेलं नसतं.

तिचं पहिलं शस्त्र गोफण असू द्या. रब्बीची ज्वारी निसवली की पोरीसोरीच माळ्यावर उभं राहून पाखरं राखतात. वेढा पडला तो हंगाम नेमका हाच. एक टोक बोटात अडकवायचं, दुसरं चिमटीत धरायचं, गोफणगुंडा डोक्याभोवती फिरवून नेमक्या क्षणी टोक सोडायचं. वर्षानुवर्षं पाखरं हाकणाऱ्या हाताला नेम असतोच. तटावर उभं राहिल्यावर तिला फक्त खाली मारायचं शिकावं लागेल, आणि समोर पाखरू नाही, माणूस आहे, हे पेलावं लागेल. या दुसऱ्या गोष्टीला एक अख्खं प्रकरण द्या. घाई करू नका.

पट्टा त्यानंतर. इथं मी हट्टी आहे, कारण पट्ट्याबद्दल लिहिणारे बहुतेक जण त्याला लांब तलवार समजतात. पट्ट्याचा खोबळा, म्हणजे पात्याला जोडलेलं धातूचं हातकवच, मुठीपासून कोपराजवळपर्यंत हात झाकतो. आत आडवी मूठ असते. मनगट त्यात कोंडलं जातं, वळतच नाही. म्हणून वार खांद्यातून, कमरेतून आणि मुख्य म्हणजे पायातून येतो. पातं लवचिक, वार संपल्यावरही थरथरतं, आणि पवित्रा चुकला तर स्वतःच्याच पोटरीवर येतं. नवशिक्याच्या हातात आधी काठीच. खोबळ्याच्या कडेनं कातडी सोलते, आत घाम साचतो, मूठ निसटते. हे सगळं लिहा. ‘तिने विजेच्या चपळाईने पट्टा फिरवला’ या वाक्यात काहीच दिसत नाही. त्याऐवजी माझ्या एका विद्यार्थिनीनं लिहिलेलं बघा:

‘वस्ताद म्हणाले, “पाय.” तिनं हात थांबवला. “हात न्हाई गं पोरी, पाय बघ.” तिनं खाली पाहिलं. डावी टाच उचललेली होती.’

बारीकसारीक गोष्टी झटपट सांगते. मिनिट-सेकंद नको, घटका आणि पळ. एक घटका चोवीस मिनिटांची, तीन तासांचा प्रहर. अंतर कोसांत. चहा, बटाटा, टोमॅटो, आगकाडी नाही. भाकरी, हुलग्याचं माडगं, चकमक चालेल. संवादात पानोपानी ‘मुजरा’ आणि ‘जी सरकार’ पेरू नका. पोर आईला ‘आय’च म्हणेल, आणि आय तिला कामाला जुंपेल.

शेवटाबद्दल मुलींशी माझं दरवर्षी भांडण होतं. त्यांना गड जिंकून हवा असतो. गड पडला, हे बदलायचं नाही. पण गड उतरताना ती कुठल्या वाटेनं जाते, सोबत काय नेते, गोफण टाकते की कमरेला खोचते, हे तुमच्या हातात आहे. पुढं काही वर्षांनी मराठ्यांनी गड परत घेतला. तो दुसऱ्या भागासाठी ठेवा.

खर्डा झाला की बारा-तेरा वर्षांच्या चार मुलींना मोठ्यानं वाचून दाखवा. कुठं त्या एकमेकींकडे बघायला लागतात तिथं समासात खूण करा. माझ्या अनुभवात ती जागा नेहमी लढाईच्या लांबलचक वर्णनात असते. तिथलं अर्धं काढा आणि परत वाचा.