पहिलं पान फाटलेलं असलं तरी बालगीतांच्या जुन्या पुस्तकाचं वय कसं ओळखावं

अप्पा बळवंत चौकात जुनं सचित्र बालगीतांचं पुस्तक हाती लागतं, विक्रेता 'पहिली आवृत्ती' म्हणतो, पण मुलांनी हाताळलेल्या पुस्तकाचं नेमकं आवृत्ती सांगणारं पहिलं पानच गायब असतं. अशा वेळी मलपृष्ठ बघा.

१. किंमत आण्यांत असेल तर छपाई बहुधा १९५७ च्या आधीची, कारण त्या एप्रिलपासून दशमान नाणी आली. 'न. पै.' म्हणजे नवे पैसे, त्यानंतरची काही वर्षं. मला मिळालेल्या एका प्रतीवर 'बारा आणे' होतं. आतल्या सशाला कुणीतरी निळ्या पेन्सिलीनं रंगवलं होतं. मी ती आनंदानं घेतली.

२. प्रकाशकाचा पत्ता वाचा. नुसतं 'पुणे २' असेल (२ म्हणजे शहरातला जुना टपाल विभाग) तर प्रत जुनी असण्याची शक्यता जास्त. सहा आकडी पिनकोड असेल तर छपाई १५ ऑगस्ट १९७२ नंतरचीच.

३. शके दिलं असेल तर ७८ मिळवा: शके १८७० म्हणजे १९४८. जानेवारी ते गुढीपाडव्यापर्यंतची तारीख असेल तर ७९.

यावरून काळ कळतो, आवृत्ती नाही. ती ठरवायला ग्रंथालयातली पूर्ण प्रत शेजारी ठेवून पानं आणि चित्रं मोजा. मुलं चित्रंच आधी फाडतात, म्हणून मी पैसे देण्याआधी प्रत्येक पान उलटून बघते.

एक मात्र करू नका: फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका. तिचा गोंद पिवळा पडून चित्रात उतरतो.