कोकणात घरच्या घरी गाडीला सिरॅमिक कोटिंग कसं करायचं

यूट्यूबवर सिरॅमिक कोटिंगचे जे व्हिडिओ असतात ते बहुतेक बंद गॅरेजात, एसी लावून केलेले असतात. आपल्याकडे गाडी पडवीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये, समोर लाल मातीचं अंगण, वर आंबा नाहीतर माड, आणि दुपार झाली की समुद्रावरून खारं वारं सुरू. त्यामुळे बाटलीवरच्या सूचना बरोबर असल्या तरी नुसत्या त्या वाचून चालत नाही. कोकणात या कामात दोनच गोष्टी बघायच्या, दिवस आणि वेळ नीट निवडायची आणि कोटिंगच्या आधी पेंटवरचं मीठ, लोखंड, डांबर शेवटच्या कणापर्यंत काढायचं. एवढं जमलं की प्रत्यक्ष लेप लावणं एका सकाळचं काम आहे.

आधी हे नक्की काय आहे ते बघू, कारण दुकानात काहीही सांगतात. हा सिलिकायुक्त द्रव असतो, पेंटच्या वरच्या क्लिअर कोटवर, म्हणजे रंगावरच्या पारदर्शक थरावर, लावला की हवेतल्या ओलाव्याशी रिअ‍ॅक्शन होऊन काचेसारखा कडक थर बनतो, जाडी साधारण एक-दोन मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलीमीटरचा हजारावा भाग). बाटलीवर ९एच लिहिलेलं असतं ती पेन्सिलची कठीणता, हिऱ्या-माणकांच्या मापाशी तिचा काही संबंध नाही, त्यामुळे घाटात पुढच्या ट्रकने उडवलेला खडा लागला तर टवका जाणारच. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे याने गंज थांबत नाही, निदान आपल्याकडे जिथून गंज सुरू होतो तिथून तर नाहीच. कोकणात गाडी खालून आणि आतून सडते. दाराच्या खालच्या काठाला पाणी निघायची बारीक भोकं असतात, ती लाल चिखलाने बुजली की खारं पाणी आत साचतं आणि बाहेरून पेंट चकाचक असताना दार आतून खाल्लं जातं. ती भोकं बारीक तारेने मोकळी करा, खालच्या बाजूला अँटी-रस्ट वेगळं मारून घ्या, मग वरच्या लेपाचा विचार करा.

आता दिवस. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो, जून ते सप्टेंबर विषयच नको. ऑक्टोबरात ऊन कडक आणि हवेत दमटपणा असतो. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे आपले दिवस. हवेतला ओलावा मोजायचं छोटं मीटर ऑनलाइन स्वस्तात मिळतं, त्यावर साठ टक्क्यांच्या खाली आकडा आला तर उत्तम. दमट आणि गरम हवेत लेप फार पटकन आणि कुठे कमी कुठे जास्त असा धरतो, तुम्ही पुसायच्या आत चिकटतो, हे कारण आहे. सकाळी मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहत असतो, त्यात मीठ नसतं. दुपारी वारा फिरतो आणि खारं येतं. म्हणून दव सुकल्यावर साधारण नऊला सुरुवात करायची आणि खारं वारं जोर धरायच्या आत लेप पुसून मोकळं व्हायचं. गाडीचा पत्रा हाताला गार पण पूर्ण कोरडा लागला पाहिजे. अंगणात धूळ असेल तर आदल्या संध्याकाळी पाणी मारून ठेवा, सकाळी नको, नाहीतर तोच ओलावा वर येतो.

शेडवर आंबा असेल तर नोव्हेंबरातच उरका. मोहोर आला की तुडतुडे येतात आणि त्यांचा चिकट गोडसर स्राव खाली गाडीवर बारीक फवाऱ्यासारखा पडत राहतो, नव्या लेपावर तो बसला तर केलेली मेहनत गेली.

धुलाई आदल्या दिवशी करा. आधी हात न लावता भरपूर पाणी सोडून लाल माती वाहू द्या, कारण ती जांभ्याची भुकटी आहे, कोरडी घासली तर पॉलिश पेपर मारल्यासारखे चरे पडतात. मग दोन बादल्या, एकीत शांपू, दुसरीत साधं पाणी, मिट (गाडी धुवायचा मऊ हातमोजा) प्रत्येक वेळी साध्या पाण्यात पिळून मगच शांपूत. खाडीकाठच्या घरांत विहिरीचं पाणी मचूळ असतं, पहिल्या धुण्याला ते चालेल पण शेवटचं पाणी गोडंच हवं आणि ते पत्र्यावर सुकू द्यायचं नाही, मायक्रोफायबरने लगेच टिपून घ्यायचं. मचूळ पाण्याचे पांढरे ठिपके लेपाखाली अडकले की तिथेच राहतात.

नंतर आयर्न रिमूव्हर, म्हणजे लोखंडाचे कण विरघळवणारा फवारा. ब्रेकची पूड आणि रेल्वेच्या आसपासचे लोखंडाचे कण पेंटमध्ये रुतलेले असतात, रोज स्टेशनच्या पार्किंगला गाडी ठेवणाऱ्यांनी तर हे अजिबात टाळू नये. फवारलं की दोन-तीन मिनिटांत पांढऱ्या गाडीवरून जांभळे ओघळ यायला लागतात, वास भयंकर असतो, पण ते ओघळ म्हणजे लोखंड सुटतंय. सुकायच्या आत धुऊन टाका, आणि हे पाणी विहिरीकडे किंवा झाडांच्या आळ्यात जाणार नाही अशी जागा बघा. हायवेच्या कामामुळे दारांच्या खालच्या भागात डांबराचे काळे ठिपके असतात ते टार रिमूव्हरने काढा. मग क्ले बार, म्हणजे पेंटमध्ये रुतलेली घाण उचलणारा मातीसारखा मऊ गोळा, भरपूर शांपूपाण्याच्या ओलीवर फिरवायचा, अजिबात दाब न देता. झालं का हे बघायचं असेल तर हातात पातळ प्लास्टिकची पिशवी घालून बोनेटवरून बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटणारा पत्रा पिशवीतून बारीक रव्यासारखा खरखरीत लागतो, आणि तो खरखरीतपणा पूर्ण जाईपर्यंत क्ले थांबवायचा नाही.

पॉलिशिंगबद्दल माझं मत स्पष्ट आहे, नवी गाडी असेल तर हलकं फिनिशिंग पॉलिश पुरे. क्लिअर कोट साधारण चाळीस-पन्नास मायक्रॉनचा असतो, प्रत्येक पॉलिशमध्ये त्यातला थोडा जातो आणि परत येत नाही. जुन्या गाडीवर गोल गोल चरे दिसत असतील तर ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशिंग मशीन (पॅड गोल फिरता फिरता हलतो पण) भाड्याने किंवा मित्राकडून आणा, फोमचा पॅड लावा, आधी बोनेटच्या एका कोपऱ्यात ट्राय करा आणि मगच पुढे जा. रोटरी मशीन, ज्यात पॅड एकाच जागी गरागरा फिरतो, नवख्या माणसाने हातात घेऊ नये, कडेला पेंट जळतो. पॅनलच्या धारांवर टेप लावा. ज्या पॅनलला नुकताच गॅरेजमध्ये नवा रंग मारलाय तो निदान महिनाभर तसाच ठेवा, आतलं सॉल्व्हंट बाहेर पडायला वेळ लागतो.

पॉलिशचं तेल राहिलं की लेप धरत नाही, म्हणून कोटिंगच्या सकाळी सगळी गाडी पॅनल वाइपने, म्हणजे तेल काढणाऱ्या सॉल्व्हंटच्या द्रवाने, दोनदा पुसून घ्या. रात्रभरात बसलेली धूळ आणि खार पण त्यात निघते. नायट्राइल ग्लोव्हज, चष्मा आणि सॉल्व्हंटच्या वासाला चालणारा मास्क घालाच, शेड तीन बाजूंनी उघडी असली तरी.

लेप लावताना एका वेळी दोन फूट बाय दोन फूट एवढाच तुकडा घ्यायचा, उकाडा वाटत असेल तर दीड फूटच. फोमच्या ठोकळ्याला स्वेडचं (मखमलीसारखं मऊ) छोटं कापड गुंडाळा, त्यावर सहा-आठ थेंब, आणि आधी आडवं मग उभं, प्रत्येक पट्टा मागच्यावर थोडा चढवत. आता हात थांबवा आणि तिरक्या नजरेने बघा. आधी ओलसर चमक असते, मग पाण्यावर तेल पसरल्यासारखे इंद्रधनुषी रंग येतात आणि थर बारीक थेंबांत गोळा व्हायला लागतो, हीच पुसायची वेळ. थंडीत याला दोन मिनिटं लागतील, आपल्या हवेत कधी अर्ध्या मिनिटात होतं, म्हणून घड्याळाकडे बघू नका, पत्र्याकडे बघा. आखूड तंतूंच्या मायक्रोफायबरने हलक्या हाताने उचला, दुसऱ्या कोरड्या टॉवेलने फिनिश करा, आणि पुढच्या तुकड्याला जायच्या आधी मोबाइलचा टॉर्च तिरका धरून तपासा. कुठे गडद डाग राहिला असेल तर तो जादा थर आहे, लगेच त्यावर एक थेंब टाकून घासून पुसला तर निघतो, दुसऱ्या दिवशी मात्र मशीननेच काढावा लागतो. टॉवेल जड लागायला लागला की बदला. छतापासून सुरू करून खाली या, हॅचबॅकला तीस मिलीची बाटली सहसा पुरते. पुढच्या काचेवर बॉडीचं कोटिंग लावू नका, वायपर थरथरतो, काचेचं वेगळं मिळतं. वापरलेले कापडाचे तुकडे वाळून कडक होतात, ते परत वापरले तर पत्र्याला चरे पडतील, आणि त्यात सॉल्व्हंट असतं म्हणून चुलीत पण टाकू नका.

पहिले चोवीस तास पाण्याचा एक थेंब नको, दव सुद्धा नको, म्हणजे रात्री गाडी छपराखालीच. कव्हर घालायची घाई करू नका. आठवडाभर शांपू नाही, पक्ष्याने घाण केली तर ओल्या मऊ फडक्याने टिपून तेवढीच काढा.

पुढे सांभाळायचं कसं, तर पीएच न्यूट्रल (ना आम्ल ना खारा) शांपू, आणि किनाऱ्याजवळ राहत असाल तर आठवड्याला एकदा नुसत्या गोड्या पाण्याने वरून आणि खालून धुवा. लेपावर पाणी मोत्यासारखं गोल थांबतं, दिसायला छान, पण उन्हात सुकलं तर त्यातलं मीठ तिथेच गोल डाग करतं, म्हणून पुसणं टाळता येत नाही. काजूच्या बोंडूचा रस, आंब्याचा चीक, पक्ष्यांची घाण, यातलं काहीही दुपारच्या उन्हापर्यंत ठेवू नका, लेप आहे म्हणून फक्त थोडा जास्त वेळ मिळतो. वाळूत गाडी घालून फोटो काढायचा मोह तर टाळाच. आणि पाऊस संपल्यावर ऑक्टोबरात परत एकदा आयर्न रिमूव्हर, दाराची भोकं तपासणं, आणि पाणी पूर्वीसारखं घरंगळत नसेल तर स्प्रेवाला टॉपर, म्हणजे लेपावर वरून मारायचा हलका थर, तो स्वस्त असतो आणि अर्ध्या तासात मारून होतो.