माव्यावर औषध मारायच्या आधी ममी मोजा

मावा दिसला की लगेच पंप पाठीवर घेऊ नका, आधी भिंग घ्या आणि पानाच्या मागे बघा. हिरव्या माव्यात मधेच फुगलेला, सोनेरी-तपकिरी, कागदासारखा कडक झालेला मावा दिसला तर ती ममी. दोन-तीन मिलिमीटरची परोपजीवी गांधीलमाशी माव्याच्या पोटात अंडं घालते, अळी त्याला आतून खाते आणि शेवटी गोल भोक पाडून नवी माशी बाहेर येते. भोकाची कड फाटकी असेल तर बहुतेक आपल्या माशीच्या अळीलाच दुसऱ्या परजीवी माशीने खाल्लंय.

पण मावाही गप्प बसत नाही हो. सकाळी पाच मिनिटं एकाच शेंड्याकडे बघत बसा. माशी जवळ आली की मावा मागच्या पायांनी लाथा मारतो, चालायला लागतो, नाहीतर सरळ खाली उडी टाकतो. पाठीमागच्या दोन नळ्यांतून चिकट थेंब सोडतो, तो माशीच्या तोंडाला लागला की ती अडकते, आणि त्याच थेंबाच्या वासाने शेजारचे मावे सावध होतात. मला हे बघताना दर वेळी थक्क व्हायला होतं.

आता माशा फिरतायत पण ममी दिसत नाहीत असं असेल तर असं करा: देठाला ओला कापूस गुंडाळून पानासकट २०-३० मोठे मावे हवा खेळणाऱ्या डब्यात सावलीत ठेवा, नवी पिल्लं काढत रहा आणि दहा-बारा दिवसांनी ममी मोजा. शेतात माशा भरपूर असून डब्यात ममी नगण्य निघाल्या तर काही माव्यांच्या अंगात राहणारा हॅमिल्टोनेला नावाचा बॅक्टेरिया हे एक कारण असू शकतं. वाटाण्यावरच्या माव्यात याचा बराच अभ्यास झालाय. खरं विष बनतं ते बॅक्टेरियातल्या व्हायरसच्या जीन्समुळे, माशीची अंडी-अळी आतच मरते, आणि तो व्हायरस गेला की संरक्षणही जातं. हे आईकडून पिल्लांना मिळतं, त्यामुळे अशा ठिकाणी एकाच जातीच्या माशा सोडत बसण्यात अर्थ नाही, ढालकिडा, क्रायसोपा (जाळीदार पंखांचा हिरवा कीटक), सिरफिड माशीच्या अळ्या यांना जपा, हे मावा थेट खातात किंवा शोषतात, आतल्या बॅक्टेरियाने सहसा अडत नाहीत.

मुंग्यांचं मात्र आपल्या हातात आहे. मावा सोडतो त्या गोड चिकट्यासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि माशांना हुसकावतात. फळझाड असेल तर खोडाला टेप गुंडाळून त्यावर ग्रीस लावा, सालीवर थेट नको, आणि जमिनीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्या तिकडून चढतात.

युरिया जास्त झाला की कोवळी फूट वाढते आणि मावाही. बांधावर कोथिंबीर, बडीशेप फुलू द्या, माशांना फुलातला मध लागतो. शेंडे फारच भरलेत? मग आधी पाण्याचा जोरदार फवारा मारा, ममी असलेली पानं तोडू नका, आणि औषध लागलंच तर फक्त तेवढ्या पट्ट्यात.