मुंबईची चार दिवसांची सहल : मुक्काम आणि भटकंती कशी ठरवावी

मुंबईला सुट्टीसाठी येणारी कुटुंबे बहुधा आधी पाहायच्या ठिकाणांची यादी करतात आणि खोलीचा विचार शेवटी करतात. येथे मात्र खोली आधी ठरवावी. शहर दक्षिणोत्तर लांबट आहे, पाहण्याजोगे बरेचसे दक्षिण टोकाला एकवटले आहे आणि सकाळच्या लोकलची गर्दीही त्याच दिशेने जाते.

दक्षिण टोकाच्या फोर्ट-कुलाब्यात खोल्या लहान आणि महाग असतात; पण दोन दिवसांची भटकंती पायी होते आणि दुपारी तासभर पाठ टेकायला परत येता येते. मुलाबाळांसह किंवा वृद्धांसह येणाऱ्यांनी हाच भाग निवडावा, फक्त जुन्या इमारतींत लिफ्ट आहे का ते आधी विचारावे. बजेट मध्यम असेल तर दादर उत्तम, कारण मध्य आणि पश्चिम या दोन्ही मार्गांच्या गाड्या तेथे मिळतात आणि घरगुती मराठी जेवणाची सोय पावलोपावली आहे. विरार किंवा पनवेलकडची स्वस्त खोली रोजच्या तीन तासांच्या प्रवासात महाग पडते. एखाद्या रात्रीपुरती सोय हवी असल्यास रेल्वेचे विश्रामकक्ष पाहावेत. त्यांचे आरक्षण निश्चित तिकिटाच्या पीएनआरवर आधीच करता येते. हॉटेल कोणतेही असो, खोली दुपारी सोडायची की चोवीस तासांच्या हिशेबाने, हे पैसे भरण्यापूर्वीच स्पष्ट करून घ्यावे.

यानंतर वार जुळवावेत. सोमवारी घारापुरीची लेणी आणि बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान बंद असते, तर बुधवारी राणीची बाग, म्हणजे भायखळ्याचे प्राणिसंग्रहालय. सिद्धिविनायकाला मंगळवारी मोठी रांग लागते, त्यामुळे नवस नसेल तर दुसरा दिवस धरावा.

फोर्टसाठी रविवारची सकाळ राखून ठेवावी. कचेऱ्या बंद असल्याने पदपथ मोकळे असतात आणि मान वर करून इमारती निवांत पाहता येतात. सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून करावी. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आराखडा केलेली ही वास्तू १८८८ मध्ये पूर्ण झाली आणि २००४ पासून जागतिक वारसा यादीत आहे. समोरचे महापालिका मुख्यालयही त्यांच्याच आराखड्याचे. तेथून दादाभाई नौरोजी मार्गाने, कमानींच्या सावलीतून हुतात्मा चौक गाठावा आणि पुढे ओव्हल मैदानात शिरावे. मैदानाच्या पूर्वेला उच्च न्यायालय, विद्यापीठ आणि राजाबाई टॉवर यांची गॉथिक रांग आहे, तर पश्चिमेला विसाव्या शतकातील आर्ट डेको पद्धतीची गोलाकार सज्ज्यांची घरे आहेत. २०१८ मध्ये या दोन्हींना मिळून जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. घाईघाईने गेटवेकडे पळणारे पर्यटक नेमके हेच चुकवतात. दुपारच्या उन्हात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात दोन-तीन तास घालवून संध्याकाळी गेटवे ऑफ इंडिया पाहावा. संग्रहालय आणि १९२४ मध्ये खुले झालेले गेटवे या दोन्हींचे वास्तुविशारद जॉर्ज विटेट.

घारापुरीसाठी गेटवेवरून सकाळची पहिली बोट पकडावी. प्रवास तासाभराचा आहे आणि धक्क्यावरून लेण्यांपर्यंत बऱ्याच पायऱ्या चढाव्या लागतात. त्रिमूर्ती म्हणून ओळखल्या जाणाऱ्या भव्य सदाशिव शिल्पासमोर पुरेसा वेळ काढावा, मात्र खाण्याच्या पिशव्या माकडांपासून जपाव्यात. ऐन पावसाळ्यात समुद्र खवळला की बोटी बंद राहतात. त्या काळात हा दिवस राणीची बाग किंवा संग्रहालयासाठी वापरावा.

आणखी एका दिवशी (रविवारला जोडून सोमवार येत असेल तर त्याच दिवशी) गावदेवीचे मणिभवन, जेथे १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतील मुक्काम असे, मग वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव आणि सूर्यास्ताला गिरगाव चौपाटी असा क्रम सोयीचा पडतो. उरलेला दिवस कान्हेरीच्या लेण्यांना द्यावा. ती राष्ट्रीय उद्यानाच्या मुख्य दारापासून बरीच आत असल्याने पायपीट टाळायची असेल तर दारातूनच वाहनाची चौकशी करावी. या दिवशी लोकलची गर्दी उलट्या दिशेला असते, ही जमेची बाजू.

प्रवासाबाबत एवढे पाळावे : साडेआठ ते अकरा दक्षिणेकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उत्तरेकडे जाणारी लोकल टाळावी, रविवारी बाहेर पडण्यापूर्वी मेगाब्लॉकचे, म्हणजे रुळांच्या देखभालीसाठी लोकल बंद ठेवण्याचे, वेळापत्रक पाहावे. रिक्षा वांद्रे आणि शीव यांच्या उत्तरेलाच चालतात, दक्षिणेत टॅक्सी किंवा बेस्टची बस घ्यावी. आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो उपनगरांतून थेट फोर्टमध्ये उतरवते.

शेवटच्या दिवशी गाडी रात्रीची असेल तर खोली सकाळीच सोडावी आणि सामान मोठ्या स्थानकावरील क्लोकरूममध्ये ठेवावे. त्यासाठी प्रत्येक बॅगेला कुलूप असावे आणि प्रवासाचे तिकीट हाताशी ठेवावे.