पौषातल्या मळभात वसंत कसा शोधावा

पौष सरत आला की पुण्यात सकाळ धुरकट उगवते, झाडांच्या नुसत्या काड्या उरतात आणि टेकडीवरून उतरणारा प्रत्येक जण सांगतो, "अजून काही नाही." असतं. पण भलत्याच जागी बघितलं जातं.

आंब्याचा मोहोर मोजायचा नाही. तो थंडीनेच फुटतो, कोकणात तर डिसेंबरातही दिसतो. कोकिळाची वाटही बघू नका. तो ओरडायला लागला की वसंत आल्याचं शेंबडं पोरही सांगेल.

काटेसावर शोधताना आधी रस्त्यावर बघा. जाड, मांसल लाल फुलं पडलेली असली की वर साळुंक्यांचा गलका असतोच.

पळसाची फुलं नाही, कळ्या बघा. काळपट, मखमली झुबके असतात. लांबून फांदी करपल्यासारखी वाटते.

आता तांबट पक्षी. मी इथेच दोन हिवाळे वाया घालवले. टुक्-टुक्-टुक् ऐकू येतं, एका लयीत, कंटाळा न करता. पहिल्यांदा मला वाटलं, कुणीतरी पाइप ठोकतंय. तांब्याची भांडी घडवणाऱ्या तांबटांच्या ठोकठोकीवरून नाव पडलेला पक्षी, तेव्हा गैरसमज तसा जुनाच. थंडीत तो बहुतेक गप्प असतो, म्हणून ही खूण खरी.

"आवाजाच्या दिशेने जा" हा सल्ला देणाऱ्याने तांबट कधी शोधलेला नसतो. हा पक्षी चोच मिटून, गळा फुगवून बोलतो आणि बोलताना मान इकडेतिकडे वळवतो. त्यामुळे आवाज कधी या वडातून, कधी त्या पिंपळातून आल्यासारखा वाटतो. मी मागे धावत राहिलो, मान अवघडली, पक्षी मात्र जागचा हललाही नव्हता.

म्हणून उभे राहा. ऊन जरा तापू द्या, साडेआठनंतर. आसपासच्या सगळ्यात उंच, निष्पर्ण शेंड्याकडे बघा. सकाळी ऊन खायला तो तिथेच बसतो. नाही दिसला तर आडवे वीस पावलं जाऊन पुन्हा ऐका आणि दोन्ही दिशा जिथे छेदतात तिथे नजर लावा. हिरवागार पक्षी शोधू नका. आभाळासमोर तो चिमणीहून जरा मोठा, मानेत आखूड असा काळा ठिपका दिसतो. कपाळाचा लाल टिळा दुर्बिणीतून दिसेल. कुटुर्र-कुटुर्र करणारा तो त्याचा मोठा भाऊबंद, त्याला यात धरू नका.

आणि मोबाइलवर त्याचा आवाज लावून बोलावू नका. हद्दीत दुसरा आला समजून तो बिचारा कावराबावरा होतो.

सापडला की पाच मिनिटं हलू नका. मग जवळपासच्या वाळक्या फांद्या तपासा, पण खालच्या बाजूने. तिथे रुपयाहून मोठं, कंपासने काढल्यासारखं गोल भोक असेल आणि जमिनीवर ताजा भुसा, तर घरटं कोरायला सुरुवात झालेली आहे.